माझ्या पोटातला दिवा

माणसाच्या इतिहासात दोनच शोध खरे थोर. पहिला विस्तवाचा. विस्तवाने माणसाला शिजवायला शिकवले. दुसरा थंडाव्याचा. थंडाव्याने त्याला उरलेले टिकवायला शिकवले, आणि जे टिकते त्यालाच पुढे संस्कृती म्हणतात. मित्रांनो, त्या थोर परंपरेचा एक पाईक आज तुमच्याशी बोलत आहे. या क्षणी माझ्या पोटात अर्धा कोबी, कालचा भात, परवाची डाळ आणि एका वाटीत पालथे ठेवलेले अर्धे लिंबू एवढी संस्कृती आहे. लिंबू कधीचे आहे ते मलाही सांगता येणार नाही.

मी एक जुना फ्रीज आहे. शाळेच्या पुस्तकात मला शीतकपाट म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही, आणि मारली असती तरी मी ओ दिली नसती. माझा रंग एके काळी आकाशी होता. आताही आकाशीच आहे, फक्त पावसाळी आकाशाचा. माझी मूठ तुटली आहे, तिथे सुतळीचा फास आहे. माझा एक पाय गेला आहे, तिथे लाकडाचा ठोकळा आहे. तरीही मी या घरातला सर्वांत थंड डोक्याचा आहे, असे मी म्हणत असे. हल्ली म्हणत नाही. का, ते सांगण्यासाठीच हे सगळे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पत्रा कापला, वाकवला, दोन पत्र्यांच्या मध्ये फेस भरला, पाठीवर नळ्यांचे जाळे बसवले आणि सगळ्यात शेवटी एका बाईने माझ्या पोटात छोटासा दिवा लावला. "दार उघडलं की लागतो, मिटलं की विझतो," तिने शेजारणीला सांगितले. शेजारीण म्हणाली, "मिटल्यावर विझतो हे कोणी पाहिलंय?" मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर फक्त आम्हा फ्रीजांना ठाऊक आहे, आणि आम्ही ते सांगत नसतो.

मला विकत घेतले ते शिवणकाम करणाऱ्या एका तरुण बाईने. शाळांचे गणवेश ती शिवत असे. एका अख्ख्या हंगामाच्या कॉलरी आणि बटणांची काजे म्हणजे मी. तिचे आईवडील नव्हते. एक धाकटा भाऊ होता, त्याला तिनेच वाढवले. त्याला ती 'छोट्या' म्हणायची. मी घरात आलो त्या दिवशी हा छोट्या माझे दार उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता. शेवटी तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "अरे, दिवा बघायला आणलाय का फ्रीज?"

त्या काळात मी म्हणजे गल्लीचा जावई होतो. शेजारीपाजारी मला बघायला येत. कोणी बर्फ मागे, कोणी आपले लोणी ठेवायला आणी. एक काकू तर नुसत्याच येऊन दारापुढे उभ्या राहत आणि म्हणत, "राहू दे गं उघडं दोन मिनिटं, बरं वाटतं." माझी पाठ थोपटली जाई, दर आठवड्याला अंग पुसले जाई. कौतुकाने माणूस चढतो म्हणतात. फ्रीजही चढतो. मी तेव्हा जरा जास्तच गुरगुरत असे.

पुढे छोट्याचे लग्न झाले. त्याला एक मुलगी झाली, तिला सगळे चिमणी म्हणतात. तिच्यामुळे माझी मालकीण आत्या झाली, म्हणून मीही आत्याच म्हणतो; छोट्या आणि त्याची बायको तिला ताई म्हणतात. छोट्याला टक्कल पडले, त्याची पन्नाशी उलटली, कुलपांच्या कारखान्यात तो मुकादम झाला. तरी आत्यासाठी तो छोट्याच राहिला. छोट्याची बायको दाताच्या दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेळा सांभाळते. तिला आत्या वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनीच म्हणेन.

मध्येच केव्हातरी आत्याला साखरेचा आजार जडला. आधी गोळ्या होत्या, मग इन्सुलिनची इंजेक्शने आली. त्याच्या इवल्याशा काचेच्या बाटल्या माझ्या दारात, अंड्यांच्या शेजारी राहू लागल्या. माझ्या आयुष्यात मी खूप काही सांभाळले. पण ते सगळे नासले तर फेकून देता येईल असे होते. या बाटल्या तशा नव्हत्या. रोज सकाळी आत्या एक बाटली काढायची, तळहातांत फिरवायची, सुई भरायची, पोटाला टोचायची आणि म्हणायची, "चला, एक काम झालं." आणि शिवणयंत्रावर जाऊन बसायची. ते यंत्र सुरू झाले की मला वाटायचे, आपलेही एक काम झाले.

मग कुलपांच्या कारखान्यात पाळ्या कमी झाल्या. लोक कुलपे घेईनासे झाले होते. चोरण्यासारखे घरात काही उरले नसावे. छोट्याने सगळ्यांना स्वयंपाकघरात, म्हणजे माझ्यासमोर, बोलावले आणि तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. पुढारी उभे राहतात तसा.

"हे बघा, थेंबे थेंबे तळे साचे."

"तळं नंतर साचवा," वहिनी म्हणाली. "आधी मोरीतला नळ गळतोय तो बघा."

"तेच सांगतोय ना! आजपासून या घरात थेंबभरही वाया जाणार नाही. पाणी, साबण, गॅस, वीज..."

"आणि शब्द?" आत्याने विचारले.

चिमणी फिसकन हसली. छोट्याने भाषण आवरते घेतले, पण शेवटचे वाक्य त्याने बोट वर करून म्हटले. ते वाक्य मला अजून ऐकू येते.

"फ्रीजला मात्र कोणी हात लावायचा नाही. ताईचं औषध आहे त्यात. तिथे काटकसर नाही म्हणजे नाही."

 आत्याने नुसता त्याच्या शर्टाचा सुटलेला धागा तोडला.

मित्रांनो, त्या घराने जी काटकसर केली ती पुष्कळशी चांगली होती, हे मी आधीच सांगून टाकतो. डाळ आधी भिजत पडू लागली, भाताच्या पातेल्यावर झाकण आले, आणि गॅस खरोखरच जास्त दिवस पुरू लागला. आत्या शर्टांच्या झिजलेल्या कॉलरी उसवायची आणि उलटून लावायची. छोट्या पुन्हा नवा दिसायचा, मानेपुरता. मध्ये विरलेल्या चादरी तिने उभ्या फाडून कडेच्या बाजू मध्ये घेतल्या. त्या चादरींवर झोपले की पाठीला शिवण लागते अशी तक्रार होती, पण चादरी अजून आहेत. साबणाचे पापुद्रे नव्या वडीला चिकटवले जाऊ लागले आणि मोरीत एक अशी वडी जन्माला आली की तिला तीन रंग आणि चार वास होते. वहिनी दवाखान्यातून नमुन्याच्या इवल्या टूथपेस्टी आणू लागली. त्या दाबून दाबून चपट्या झाल्या की छोट्या कात्रीने कापून आतले काढी.

"अहो, दात कोरून पोट भरत नाही," वहिनी म्हणे. "आणि हे मी दाताच्या दवाखान्यातून येऊन सांगतेय."

इथवर सगळे ठीक होते. बिघडायला सुरुवात झाली ती एका दिव्यापासून.

एके दिवशी छोट्या माझ्यापुढे उभा राहिला आणि दार उघडून आत बघत राहिला. मग म्हणाला, "भर दुपारी दिवा कशाला?"

"फ्रीजला हात लावायचा नाही म्हणालात ना?" वहिनीने आठवण करून दिली.

"दिवा म्हणजे काय फ्रीज झाला? आपल्याच घरात काय कुठे आहे ते आपल्याला ठाऊक नाही का?"

ज्या दिव्यासाठी त्याने लहानपणी धपाटा खाल्ला होता, तो त्याने स्वतःच्या हाताने पिळून काढला आणि खिशात टाकला. माझ्या पोटात पहिल्यांदाच, दार उघडे असताना, अंधार झाला. त्याच संध्याकाळी चिमणी दूध समजून आत्याने कपड्यांसाठी करून ठेवलेली खळ प्यायली. दुसऱ्या दिवशी ती जरा ताठ चालत होती असे वहिनीचे म्हणणे होते.

सगळे हसले. मलाही गंमत वाटली. पण त्या दिव्याचे आणखी एक काम होते, ते कोणाच्याच लक्षात आले नाही. दार उघडल्यावर तो लागला की कळायचे, फ्रीज चालू आहे. तो गेला आणि मी चालू आहे की बंद, हे बघून कळण्याची सोय उरली नाही.

पुढचे विजेचे बिल आले. ते काही मनासारखे उतरले नव्हते. छोट्याने ते उलटेसुलटे करून पाहिले, जणू मागच्या बाजूला माफी छापलेली असेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बाकीचे आपापल्या गडबडीत असताना, त्याने पिठाच्या डब्यामागे हात घालून माझे बटण बंद केले. "सकाळी हवा गारच असते," तो माझ्याकडे न बघता पुटपुटला. "थोड्या वेळाचाच तर प्रश्न आहे." कामावर निघताना त्याने ते पुन्हा चालू केले. मग हे रोजचेच झाले. ही चोरी करताना त्याला बहुधा भूक लागत असावी, कारण तो उभ्या उभ्याच माझ्यातली जामची बाटली काढायचा, चमचाभर खायचा आणि चमचा पुसून जागेवर ठेवायचा. घरात साखर जपून वापरायचा ठराव त्यानेच मांडला होता.

दुपारी वहिनी जेवायला घरी यायची. जेवण आटपले की ती डब्यामागे हात घालायची. "मिटलेल्या दाराआडून गारवा जाणार कुठे?" असे ती स्वतःलाच समजावायची आणि परत दवाखान्यात जाईपर्यंत मला बंद ठेवायची. ती गेली की चिमणी शाळेतून यायची. तिच्या बाईंनी वर्गात सगळ्यांना 'वीज वाचवा' असे छापलेली चिकटपट्टी दिली होती. ती तिने माझ्याच दारावर चिकटवली आणि अभ्यास होईपर्यंत मला बंद करून टाकले. चिकटपट्टी सरळ लागली आहे ना, हे मात्र तिने दोनदा दूर जाऊन पाहिले.

तिघांनाही वाटत होते, आपण एकटेच एवढेसे पाप करतो आहोत. तिघांनीही ते लपवले, कारण तिघांनाही छोट्याचे ते बोट आठवत होते, खुद्द छोट्याला तर जास्तच. आणि तिघांचे एवढेसे एवढेसे मिळून माझा निम्म्याहून जास्त दिवस संपत होता. थेंबे थेंबे तळे साचले, मित्रांनो. फक्त ते माझ्या पायाशी साचले. वितळलेल्या बर्फाच्या त्या पाण्यावर वहिनीने फडके टाकले आणि म्हणाली, "म्हातारा झालाय, गळायला लागला." प्रत्येकाने मान डोलावली. खरे कारण प्रत्येकाला तिसऱ्या हिश्शाइतके ठाऊक होते.

मला फक्त दोन गोष्टी येतात, गुरगुरणे आणि गप्प बसणे. बटण बंद असताना यातली एकच उरते.

आत्या दिवसभर घरातच असायची, पण बाहेरच्या खोलीत, यंत्रावर. यंत्राच्या खडखडाटात माझा आवाज आहे की नाही हे तिला कळणे शक्य नव्हते. एका दुपारी तिने औषधाची बाटली हातात घेतली आणि ती कोमट लागली. बाटली तिने गालाला लावून पाहिली. मग दुधाचा वास घेतला. मग माझ्या अंगावरून हात फिरवत म्हणाली, "दमलास का रे बाबा? मीही दमलेय."

तिने कोणाला सांगितले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सांगितले तर मेकॅनिक बोलवावा लागेल, आणि मेकॅनिक काही फुकट बघत नाही, हा हिशेब तिने मनातल्या मनात केला. तिनेही काटकसरच केली. तिने माझ्या आतले गारवा कमीजास्त करायचे गोल बटण एकावरून सातावर फिरवले आणि औषधाच्या बाटल्या दारातून काढून वर, बर्फाच्या कप्प्याला अगदी खेटून ठेवल्या. जास्त गार राहतील म्हणून.

आता माझी अवस्था पाहा. दिवसा मला उपाशी ठेवायचे आणि दिवे मालवले की सात ताटे पुढ्यात मांडायची. मी रात्रभर जीव तोडून गार होत होतो. त्या बाटल्या दुपारी कोमट होत आणि पहाटेपर्यंत गोठून काच होत. सकाळी छोट्या बटण बंद करी, त्या पुन्हा पातळ होत, आणि आत्या त्यातली एक तळहातांत फिरवून पोटाला टोचून म्हणे, "चला, एक काम झालं." काम झालेले नसायचे. एकदा गोठलेल्या त्या औषधात काही जोर उरत नाही. त्यात बारीक पांढरे कण दिसतात. पण आत्याला ते दिसले नाहीत. तिचा चष्मा जुना झाला होता आणि नवा तिने पुढच्या हंगामावर ढकलला होता. तेवढीच बचत.

ती घटाघटा पाणी पिऊ लागली. रात्रीची उठू लागली. सुईत दोरा ओवायला तिला चिमणीला हाक मारावी लागे. डॉक्टरांनी तपासले, साखर चढलेली होती. त्यांनी औषध वाढवले. औषध वाढले म्हणून खर्च वाढला. खर्च वाढला म्हणून तिघांनीही मला थोडा थोडा जास्त वेळ बंद ठेवायला सुरुवात केली. मी हे सगळे उभ्याने पाहत होतो. कुलपांच्या कारखान्यातही इतके पक्के कुलूप कधी तयार झाले नसेल.

आणि मग जामची गोष्ट निघाली.

वहिनी दवाखान्यातून दमून आली होती. तिने अंधारात चाचपत जामची बाटली काढली आणि उजेडात धरली. तळाशी बोटभर उरला होता.

"ताई, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"हा जाम... चिमणीला मी मोजून देते. मी तर खातच नाही. डॉक्टर म्हणाले, औषध वाढवूनही साखर उतरत नाही म्हणजे खाण्यात काहीतरी..."

आत्याच्या हातातला कपडा तसाच राहिला. "मी चोरून खाते म्हणतेस?"

"मी तसं कुठे म्हणाले? मन होतं कधी कधी माणसाचं. आजारात तर जास्तच होतं."

"छोट्या, तुलाही तसंच वाटतं?"

छोट्या खुर्चीत बसला होता. त्याने छताकडे पाहिले. छतावर पाहण्यासारखे काहीही नव्हते, मी रोज बघतो. पण तो पाहतच राहिला, आणि शेवटी म्हणाला, "जाऊ दे ना आता. बाटलीच आणायची नाही यापुढे, म्हणजे प्रश्नच मिटला."

मित्रांनो, माझ्या आत दूध नासले आहे, भाज्या सडल्या आहेत. पण त्या संध्याकाळसारखा वास मला कधी आला नव्हता.

आत्याने वाद घातला नाही. ज्या बाईने याच पोराला लहानपणी स्वतःच्या वाटचे लोणी चाटायला दिले होते, तिने दुसऱ्या दिवसापासून आपले ताट निम्मे केले. सगळ्यांच्या देखत वाढून घ्यायची, सगळ्यांच्या देखत संपवायची, आणि ताट जरा तिरके धरून दाखवायची. खाणे उतरले, अंग उतरले, साखर मात्र उतरेना. बाहेरच्या खोलीतले यंत्र थांबून थांबून चालू लागले. मग नुसतेच थांबून राहू लागले.

शेवटी तो सुटीचा दिवस आला. कारखाना बंद, दवाखाना बंद, शाळा बंद. सगळे घरात. आत्या भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीवर बसली ती बसलीच. तिचे ओठ सुकले होते.

"वहिनी, आज तूच टोचतेस का गं? हात थरथरतोय माझा."

वहिनीने माझे दार उघडले. आत काळोख. "काही दिसत नाही मेलं," म्हणत तिने चाचपडत बर्फाच्या कप्प्यापाशी हात नेला. "ही बाटली चिकटून बसलीय की! ताई, दारातल्या बाटल्या इथे कोणी ठेवल्या?"

"मीच. दारात गरम व्हायच्या."

वहिनीने बाटली ओढून काढली. ती बर्फाच्या पापुद्र्यासकट आली. दुसरी, उघडलेली बाटली घेऊन ती खिडकीपाशी गेली, उजेडात तिने ती तिरकी केली, आणि तिचा आवाज बदलला.

"ताई, यात हे पांढरं पांढरं काय तरंगतंय?"

"मला काही दिसत नाही."

"अहो, इकडे या! बघा हे. गोठलंय औषध. गोठून फुटलंय."

छोट्या आला. त्याने बाटली पाहिली, मग माझ्या आत डोके घातले. "सातावर आहे हे! सातावर कोणी केलं?"

"मी केलं," आत्या क्षीण आवाजात म्हणाली. "दुपारी आत सगळं कोमट असतं. म्हटलं, म्हाताऱ्याचा जोर कमी झाला."

"कोमट कसं असेल? मी तर फक्त सकाळी..." छोट्या बोलता बोलता थांबला.

"फक्त सकाळी काय?" वहिनी म्हणाली.

"तेवढा थोडा वेळ बंद करतो. हवा गारच असते."

"तुम्ही बंद करता? अहो, दुपारी मी बंद करते!"

मग दोघांनी एकदमच चिमणीकडे पाहिले. चिमणीने माझ्या दारावरच्या चिकटपट्टीकडे पाहिले आणि ती रडायलाच लागली.

कोणी काही बोलेना. मीही बोलत नव्हतो. मला नुकतेच कोणीतरी बंद केले होते.

आत्याचे डोळे मिटत होते. छोट्या तिच्यासमोर खाली बसला, लहान मूल बसते तसा, आणि त्याने तिचे दोन्ही हात धरले. "ताई, डोळे उघड. ताई, ऐक. जाम मी खाल्लाय. सगळा मी खाल्लाय. तू नाही."

आत्याने डोळे उघडले. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुझ्या कॉलरीला लागलेला होता. मीच धुतला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या बायकोसमोर? पोरीसमोर?" तिला दम लागला. "पाणी दे आधी."

वहिनी गाडी बघायला बाहेर धावली होती. ती परतल्यावर दोघांनी आत्याला उचलून इस्पितळात नेले. चिमणी मागून तिची पिशवी घेऊन गेली, आणि दारातून परत आली. तिने पिठाच्या डब्यामागे हात घातला, माझे बटण चालू केले आणि मगच गेली.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मी नीटसे सांगू शकणार नाही. घरात कोणी फिरकले तर कपडे न्यायला किंवा डबा भरायला. वहिनी आली की दार उघडून उभी राहायची आणि काहीच न घेता मिटायची. एकदा छोट्या आला आणि माझ्या पत्र्याला कपाळ टेकून किती तरी वेळ उभा राहिला. मी चालू होतो, कोणी मध्ये बंद करत नव्हते, आणि इतका गार मी उमेदीच्या काळातही कधी झालो नव्हतो. पण माझ्यात सांभाळण्यासारखे काही ठेवलेलेच नव्हते. अर्धे लिंबू होते, बस्स.

आत्या परत आली. चालत आली, पण छोट्याच्या खांद्यावर हात ठेवून. तिच्या उजव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे, आणि शिवणयंत्राचे पायडल त्याच पायाने मारायचे असते. डॉक्टर म्हणतात, बघू. त्या 'बघू'चा अर्थ मी रोज बाहेरच्या खोलीकडे कान लावून लावतो. कधी यंत्र थोडा वेळ चालते. कधी तेवढेही नाही. तिला नवा चष्मा मिळाला आहे. त्यातून तिने पहिल्यांदा मला पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, हा एवढा कळकट आहे?"

दिवा पुन्हा लागला. छोट्यानेच लावला. लावल्यावर त्याने दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले. त्याच्या पाठीत धपाटा घालायला कोणी उठले नाही. आत्याला लगेच उठता येत नाही आता.

कोणी बंद करू नये म्हणून बटणावर वहिनीने चिकटपट्टी लावली आहे. काटकसर थांबलेली नाही, थांबून चालणारही नाही, पाळ्या अजून कमीच आहेत. कॉलरी उलटतात, डाळ भिजते, मोरीतल्या वडीला आता पाचवा वास आला आहे. फरक एवढाच की कोणी काही वाचवले तर ते जेवताना मोठ्याने सांगावे लागते. यामुळे जेवणे लांबली आहेत.

आणि माझेही काही खरे नाही. परवा वहिनी म्हणाली, "नवीन फ्रीज घेतला तर वीज निम्मी लागते म्हणे. जुना देऊन टाकता येतो."  आत्या म्हणाली, "त्याचा काय दोष? त्याने काय स्वतःचं बटण स्वतः दाबलं?" पण दुकानाचा कागद अजून टेबलावरच आहे, आणि टेबल माझ्या अगदी समोर आहे. हिशेबाने पाहिले तर वहिनीचे बरोबर आहे, हे मलाही कळते. ज्या घराने थेंब थेंब वाचवायचे, त्या घरात माझ्यासारखा गळका म्हातारा हा मोठाच खर्च. मी तक्रार करणार नाही. नव्याला एवढेच सांगेन की त्या बाटल्या दारातच ठेवून घे.

मित्रांनो, काटकसर जरूर करा. साबण चिकटवा, कॉलरी उलटवा, दिवे मालवा. पण जे वाचवाल ते एकमेकांना सांगून वाचवा. गुपचूप वाचवलेले कोणाच्या अंगातून जाते आहे हे वाचवणाऱ्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसते त्याला बहुधा बोलता येत नसते. घरातल्या जुन्या वस्तू गुरगुरल्या तर ऐका. त्या गप्प झाल्या तर जास्त ऐका. जुन्या माणसांचेही तसेच.

आणि जाता जाता एक छोटीशी विनंती. तुमच्यापैकी कोणी या घरी आलेच, तर माझ्या वरच्या कप्प्यात मागे डावीकडे एक वाटी आहे. त्यातले ते अर्धे लिंबू तेवढे फेकून द्या. आता तर दिवाही आहे, लगेच दिसेल. वाटी मात्र टाकू नका, धुऊन ठेवा.